दम लागत नाही, कारण जिनाच सोडलाय

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय ७१, बँकेतून निवृत्त. पत्नी ६६ वर्षांची, शाळेत मराठी शिकवायची. नारायण पेठेत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी तिला हार्ट अ‍ॅटॅक आला, स्टेंट टाकला. गेल्या डिसेंबरात फुफ्फुसात पाणी झालं म्हणून आठ दिवस अ‍ॅडमिट होती. तेव्हा कळलं, हार्ट फेल्युअर आहे, हृदय ३५ टक्केच चालतंय. तेव्हापासून मी तिला काडी उचलू देत नाही. स्वयंपाकाला मावशी लावल्या. चेकअपला खालच्या दुकानातली दोन मुलं तिला खुर्चीत बसवून उतरवतात. डॉक्टर विचारतात, दम लागतो का? ती म्हणते, नाही. ते म्हणतात, छान, हेच चालू ठेवा. घरी मात्र ती दिवसभर कॉटवर. गुरुवारच्या भजनी मंडळातल्या बायका फोन करतात, ती उचलत नाही. दरवर्षी लक्ष्मी रोडवर पालखीला उभी राहायची, यंदा गॅलरीतसुद्धा आली नाही. काही म्हटलं की ‘आता माझं काय राहिलंय’ एवढंच. मुलगा बंगळूरला, तो म्हणतो आराम करू द्या. शेजारी म्हणतात फिरवा. जेवण अळणी म्हणून रोज धुसफूस. परवा तांदळाच्या डब्यामागे लोणच्याची बरणी सापडली. पाणीसुद्धा मी मापून देतो. कुणाचं ऐकू?
ता. क. आषाढी आलीच. ती उपवास धरणारच म्हणते. धरू द्यावा का?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही बँकेतले, त्यामुळे आकड्यावर तुमचा विश्वास जरा जास्तच असणार. म्हणून आधी तो ३५चा घोळ निस्तरू. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर जातं, तो हा आकडा. ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ म्हणतात ते हेच. धडधाकट माणसाचासुद्धा तो शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. तेव्हा वहिनींचं हृदय शंभरातलं पस्तीस चालतंय असं नाही. साठातलं पस्तीस म्हणा हवं तर. कमी आहेच, पण दहावीच्या निकालासारखा हा आकडा वाचू नका. शिवाय तो दगडावरची रेघ नाही, नीट औषधांनी तो वाढलेलाही आम्ही पुष्कळदा पाहतो. आणि सगळ्यात मोठी गोम अशी की, या आकड्यावरून माणसाचा दिवस कसा जातो ते कळत नाही. २५ असलेली माणसं मंडईतून भाजी घेऊन चालत घरी गेलेली मी पाहिली आहेत आणि ६० असूनही दोन खोल्या ओलांडताना धापणारीही पाहिली आहेत. (आकडा चांगला आणि हृदय ताठर, असाही हार्ट फेल्युअरचा एक प्रकार असतो. तो वहिनींना नाही.)

‘फेल्युअर’ हा शब्द मात्र वाईटच. ज्याने कुणी ठेवला त्याने रुग्णाच्या जिवाचा विचार केला नसावा. हृदय बंद पडलंय किंवा आता पडणार आहे, असा त्याचा अर्थ नाही. पंपाचा जोर कमी पडतो, शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकललं जात नाही आणि मागे पाणी साठतं, एवढाच अर्थ. वहिनींना हे कुणी मराठीत बसून सांगितलंय का? मराठीच्या शिक्षिका आहेत, त्यांना शब्दाचा अर्थ लागला पाहिजे.

आता मुद्द्याचं. ‘दम लागतो का?’ ‘नाही.’ वहिनी खोटं बोलल्या नाहीत. कॉटवर पडलेल्या माणसाला दम कशाला लागेल? जिना सोडला, ओटा सोडला, भजन सोडलं, पालखी सोडली. ज्या ज्या गोष्टीने धाप लागायची, ती ती एकेक करून दिवसातून काढून टाकली. मग दम लागणार कुठून? डॉक्टरांच्या कागदावर त्या ‘स्थिर’ झाल्या आणि घरात त्यांचं जग एका कॉटएवढं झालं.

ही चूक डॉक्टरांची एकट्याची नाही. ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना मीही वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारला आणि ‘नाही’ ऐकून सुटकेचा श्वास टाकला. एकदा एका आजोबांनी असंच ‘काही त्रास नाही’ म्हटलं, आणि मागे उभी असलेली सून म्हणाली, “चार महिन्यांत बुटाला हात लावला नाही त्यांनी. नाडी बांधायला वाकलं की गुदमरतात, म्हणून लग्नालासुद्धा चपला घालून गेले.” वाकल्यावर लागणारा दम हे हृदयात दाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला: ‘गेल्या वर्षी करत होता आणि आता सोडलं, असं काय काय आहे?’

डॉक्टर लोक या आजाराच्या चार पायऱ्या मोजतात, न्यू यॉर्कच्या हृदयरोग संघटनेने ठरवून दिलेल्या. पहिलीत रोजच्या कामांचा काहीच त्रास नाही, चौथीत बसल्या जागीही दम. कॉटवर वहिनी पहिल्या पायरीवर दिसतात. तुमच्या जिन्यात उभ्या केल्या तर कदाचित तिसरीवर निघतील. म्हणून या चार पायऱ्यांवर न थांबता रुग्णाला सविस्तर विचारणारी प्रश्नावली तयार झाली. त्यातली कॅन्सस सिटीची तेवीस प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. त्यात अगदी घरगुती गोष्टी आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कपडे घालताना, आंघोळ करताना, सपाटीवर थोडं चालताना, एक जिना न थांबता चढताना त्रास झाला का? छंद, घरकाम, नातेवाइकांकडे जाणं यांत आजार आडवा आला का? आणि एक प्रश्न मला फार आवडतो: तुमचं हृदय आहे असंच राहिलं आणि उरलेलं आयुष्य असंच काढायचं म्हटलं, तर तुम्हाला कसं वाटेल? वहिनींनी याचं उत्तर तुम्हाला दिलेलंच आहे. ‘आता माझं काय राहिलंय.’

तुम्ही एक वही घाला. (घातलीच असेल, बँकेतला माणूस.) तिच्यात रक्तदाब आणि वजनाच्या शेजारी आणखी एक रकाना आखा. केस विंचरताना हात खाली आणावा लागला का? दोरीवर कपडे वाळत घालता आले का? हात वर करून केलेलं काम पायाने केलेल्या कामापेक्षा हृदयाला जड जातं, म्हणून या दोन गोष्टी मुद्दाम विचारते. देवासमोर वाकून निरांजन लावता आलं का? फोनवर एक वाक्य एका दमात पुरं झालं का? रात्री उश्या किती लागल्या, उठून बसावं लागलं का? हे सगळं वहिनींनी स्वतः सांगायचं, तुम्ही फक्त लिहायचं. पुढच्या चेकअपला ही वही टेबलावर ठेवा आणि डॉक्टरांनी विचारलं की उत्तर वहिनींना देऊ द्या. तुम्ही मध्ये बोलता, हे पत्रावरूनच कळतं. रागावू नका.

आता मुलगा खरा की शेजारी? मुलगा प्रेमाने बोलतोय, पण त्याचा सल्ला जुन्या काळचा आहे. एके काळी आमच्या पुस्तकांतही या आजारावर आराम हाच उपचार होता. पुढे लक्षात आलं की पडून राहिल्याने हृदयाला विश्रांती मिळते त्याहून जास्त पायांचे स्नायू झडतात, आणि मग तेवढंच हृदय त्या कमजोर पायांना आणखी अपुरं पडतं. वहिनींचा निम्मा थकवा आज हृदयाचा नसून मांड्यांचा असेल, तर मला नवल वाटणार नाही. २००९ साली अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधल्या २,३३१ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या लोकांचा तो आकडा सरासरी २५च्या आसपास होता, म्हणजे वहिनींपेक्षा कमी. ठरवून, देखरेखीखाली सुरू केलेला व्यायाम त्यांना बाधला नाही आणि मघाच्या त्या प्रश्नावलीत त्यांचं जगणं थोडं सुधारलेलं दिसलं. चमत्कार झाला नाही, थोडंच सुधारलं. पण ‘थोडं’ म्हणजे कॉट आणि गॅलरी यांतलं अंतर असू शकतं.

शेजाऱ्यांचंही जसंच्या तसं ऐकू नका. ‘फिरवा’ म्हणजे उद्या सारसबागेत नेऊन तीन फेऱ्या मारायला लावणं नव्हे. पुणेकराची तब्येत मोजायची पट्टी म्हणजे पर्वतीच्या १०३ पायऱ्या, त्या विसरा. तुमचं लक्ष्य एकच ठेवा: श्रावणातला एखादा गुरुवार, भजनी मंडळ, आणि तिथून परत स्वतःच्या पायांनी तिसरा मजला. उतरणं सोपं असतं, परत चढणं हेच खरं काम.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना हे लक्ष्य सांगा आणि विचारा, चालेल ना? सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, अशी एक साधी चाचणी असते. मशीन लागत नाही, लांब व्हरांडा लागतो. ती करून घ्या. जमलं तर हृदयरोग्यांचा व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे निदान पहिल्या काही वेळा जा. त्यांनी हो म्हटलं की घरी असं चालेल. पहिला आठवडा फक्त घरात: गॅलरी ते देवघर, पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं, जमेल तेवढ्या वेळा. मग एक मजला खाली आणि एक मजला वर, जिन्याच्या वळणावर खुर्ची ठेवून. खालच्या-वरच्या बिऱ्हाडांना आधी सांगा, नाहीतर खुर्चीवरून सोसायटीची मीटिंग बोलावतील. दम लागण्याआधी बसायचं, लागल्यावर नाही; ही सवय सगळ्यात अवघड. वेग कसा ठरवायचा? चालताना बोलता आलं पाहिजे. अभंग म्हणता आला तर जास्तच हळू चाललंय. वाक्य मध्येच तुटायला लागलं तर थांबायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंग गळून गेलं असेल, तर आदल्या दिवसाचं काम जास्त झालं, तेवढं मागे यायचं. ज्या दिवशी वजन वाढलंय, पाय सुजलेत, ताप आहे, चक्कर येतेय किंवा बसल्या जागी दम लागतोय, त्या दिवशी व्यायाम नाही, फोन.

यात एक धोका सांगून ठेवते. चार-सहा आठवड्यांनी एक सकाळ अशी येईल की वहिनींना एकदम बरं वाटेल, आणि त्या माळा आवरायला काढतील, डबे घासतील, मुलाला पाठवायला चिवडा करतील. पुढचे दोन दिवस त्या उठणार नाहीत आणि तुम्ही म्हणाल, बघ, सांगत होतो. तसं म्हणू नका. पेन्शन एक तारखेला येते आणि महिनाभर पुरवायची असते, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे, ताकदीचंही तसंच. जड काम सकाळी एक, दोन नाहीत. जेवल्यावर तासभर काही नाही, कारण तेव्हा रक्ताचा मोठा वाटा पोटाकडे असतो. दुपारची झोप तर आपल्या गावाला शिकवायला नकोच.

काडीबद्दल. ‘काडी उचलू देत नाही’ हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत. इतकी वर्षं शाळा सांभाळून घर चालवणाऱ्या बाईच्या हातातून तुम्ही पळी काढून घेतलीत, हे तुमच्या ध्यानात आलं नसावं. मावशी राहू द्या. कणीक मळणं, भरलेला कुकर उचलणं, पाण्याचा हंडा, वाकून लादी पुसणं हे सगळं त्यांच्याकडेच. पण ओट्याशी बेताचा उंच स्टूल ठेवा आणि फोडणी वहिनींच्या हातची असू द्या. भाजी निवडणं, चटणी कुटण्याऐवजी मिक्सरला लावणं, मावशींना सूचना देणं (यात त्या वाकबगार असतील) हे बसून होतं. आंघोळीला न्हाणीघरात प्लास्टिकचा स्टूल, पाणी कोमट, कडी न लावता दार लोटलेलं. फार कढत पाण्याने रक्तदाब उतरतो आणि या औषधांवर असलेल्या माणसाला भोवळ येऊ शकते. पुसणं, लुगडं-गाऊन जे काही असेल ते घालणं बसून. आंघोळ झाली की लगेच पूजेला उभं राहायचं नाही, मध्ये दहा मिनिटं. देव थांबतात.

आता लोणच्याची बरणी. मला त्या बरणीचं फार बरं वाटलं. ज्या बाईला ‘काय राहिलंय’ असं वाटतं, ती लोणचं लपवायला तांदळाचा डबा शोधते, म्हणजे अजून बरंच काही राहिलंय. पण मीठ हा खरा प्रश्न आहे. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, हे निरोगी माणसालाही सांगितलेलं आहे. त्यापुढे छळ करण्यात अर्थ नाही. २०२२ साली ८०६ रुग्णांवर फारच कडक, म्हणजे साधारण पावणेचार ग्रॅम मिठाच्या आहाराचा प्रयोग झाला. वर्षभरात मृत्यू किंवा अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण त्याने कमी झालेलं दिसलं नाही. म्हणून मीठ टाळा म्हणजे भाजीतलं चिमूटभर मीठ काढून तोंड आंबट करा, असं नाही. खरे चोर वेगळे आहेत: पापड, लोणचं, सांडगी मिरची, फरसाण, बाकरवडी, खारी, पाव, पाकिटातलं सूप. ढोकळ्यातला खायचा सोडा आणि पित्त झालं की घेतात ती फसफसणारी पावडर, यांतही मिठातलं तेच सोडियम, नुसतं चवीला खारट नाही म्हणून कळत नाही. हे बंद केलंत तर भाजीत मीठ घालायला जागा उरते. वर आमसूल, लिंबू, चिंच, लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर, घरचा गोडा मसाला. काही आठवड्यांत जीभ नवीन चव शिकते. आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी लोणच्याची एक फोड, खार निथळून, ताटात, सर्वांसमोर. चोरून खाल्लेल्या फोडी मोजता येत नाहीत.

एक मात्र करू नका. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून दुकानात जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं. वहिनींच्या औषधांत स्पायरोनोलॅक्टोन किंवा तत्सम गोळी असेल, आणि बहुतेक असणारच, तर त्या मिठाने रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लयच बिघडू शकते. शहाळ्याचंही रोज-रोज कौतुक नको. आणि गुडघे दुखले म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीची गोळी मेडिकलवाल्याकडून परस्पर आणायची नाही. ती शरीरात पाणी साठवते. अशा एका गोळीच्या पट्टीने पुन्हा अ‍ॅडमिट झालेली माणसं मी मोजणं सोडून दिलं.

पाण्याचं माप डॉक्टरांनी आकडा देऊन सांगितलंय की तुम्हीच ठरवलंय? पत्रावरून कळत नाही. आजार भडकलेला असताना किंवा रक्तातलं सोडियम उतरलेलं असताना माप लागतं. पण स्थिर रुग्णाला सरसकट दीड लिटरची चौकट हवीच का, याबद्दल आता शंका आहे. नेदरलँड्समध्ये अशा ५०४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२५ साली आला. मापून पिणाऱ्यांचं जगणं काही सरस दिसलं नाही, तहानेने मात्र तेच जास्त हैराण होते. डॉक्टरांना नेमकं विचारा. त्यांनी मोकळीक दिली तर तांब्या वहिनींच्या हातात द्या.

मापायचंच तर वजन मापा. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. एक लिटर पाणी साठलं की एक किलो वाढतं. एवढ्या झपाट्याने चरबी वाढत नाही. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं, तर पायावर सूज दिसायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, गुलाबी फेसाळ थुंकी, यांपैकी काहीही झालं तर फोन डॉक्टरांना नाही, १०८ला. तिसऱ्या मजल्यावरून खाली कसं आणायचं, हे त्या दुकानातल्या मुलांशी आजच ठरवून ठेवा. खुर्चीचा त्यांचा सराव तेवढ्यापुरता उपयोगी पडेल.

वहिनी भजनाला का जात नाहीत, याचं एक कारण जिना. दुसरं कारण मी पैजेवर सांगते: लघवीची गोळी. सकाळी घेतली की दोन-चार तास दर अर्ध्या तासाला उठावं लागतं, आणि आपल्या शहरात बाईमाणसाने बाहेर कुठे जायचं? म्हणून एक तर माणूस बाहेर पडत नाही, नाही तर गोळीच चुकवतो. दोन्ही वाईट. बऱ्याच जणांना डॉक्टर मोकळीक देतात की बाहेर जायच्या दिवशी ही गोळी काही तास पुढेमागे करा, उदाहरणार्थ भजनाहून आल्यावर. चुकवायची नाही, सरकवायची. मात्र रात्री नको, झोपेचं खोबरं होतं. हा प्रश्न पुरुषांसमोर विचारायला त्यांना संकोच वाटत असेल, तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना द्या.

आणखी एक चिठ्ठी लिहा: लोह. हार्ट फेल्युअरच्या निम्म्या रुग्णांत लोहाची कमतरता असते, हिमोग्लोबिन चांगलं असलं तरीही, आणि त्याने हाच असा गळून गेल्यासारखा थकवा येतो. फेरिटिन आणि ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन या दोन तपासण्या झाल्यात का, विचारा. कमतरता निघाली तर शिरेतून दिलेल्या लोहाने चालणं आणि दिवस दोन्ही सुधारल्याचं दिसलंय. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा या आजारात फारसा उपयोग झालेला नाही.

‘आता माझं काय राहिलंय.’ हे नुसतं चिडून म्हटलेलं असेल, किंवा नैराश्य असेल. या आजारात साधारण दर पाचांतल्या एकाला नैराश्य येतं आणि ते आलं की माणूस औषधंही सोडतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, झोप उडालीय, रडू येतंय, मरणाचे विचार बोलून दाखवतायत, असं असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनाच सांगा आणि समुपदेशकाचं नाव मागा. बोलण्याच्या उपचारांचा या लोकांना चांगला उपयोग होतो. फक्त ‘पॉझिटिव्ह राहा’ असं कुणी म्हणू लागलं तर त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

त्याआधी एक करून बघा. मंडळातल्या बायकांना या गुरुवारी तुमच्या घरी बोलवा. वहिनींना विचारून हं, अचानक नको. अट एकच: कुणासाठी काही करायचं नाही, येणाऱ्यांनीच डबा आणायचा. नाहीतर दहा बायकांचे पोहे करायला त्या उठतीलच. त्या फोन उचलत नाहीत ते कदाचित याचमुळे, की ‘केव्हा येतेस’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी नाही. मंडळच वर आलं तर तो प्रश्न तेवढ्यापुरता मिटतो.

तुमच्या पत्रात तुमच्याबद्दल वय आणि बँक यापलीकडे एक अक्षर नाही. सकाळी फिरायला जायचा ना? कट्टा असेलच. डिसेंबरपासून किती वेळा गेलात? आठवड्यातून दोनदा मावशी घरात असताना तासभर बाहेर पडा. फोन खिशात असू द्या, पण दर दहा मिनिटांनी लावू नका. वहिनींनाही तेवढा तास कुणाच्या नजरेखाली न राहता हवा असेल. आणि बंगळूरच्या मुलाला सल्ल्याऐवजी काम द्या: औषधं घरपोच मागवणं, तपासण्यांच्या तारखा लक्षात ठेवणं, आणि रविवारी आईला फोन करून तब्येत न विचारता तिच्याकडून एखादी कविता समजावून घेणं.

ता. क.चं उत्तर. उपवास धरू द्या, पण निर्जळी नाही आणि कडकडीतही नाही. डायबेटिस नसतानाही हल्ली या आजारात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी देतात. चिठ्ठीत ती असेल तर पोटात अन्न नसताना ती घेतल्याने रक्तात आम्ल साठायचा धोका असतो, म्हणून त्या दिवशी ती घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. रिकाम्या पोटी, कमी पाण्यावर लघवीची गोळी घेतली तर भोवळ येते, तेही विचारून घ्या. बाकी औषधं चुकवायची नाहीत, त्याने व्रत मोडत नाही. ‘एकादशी दुप्पट खाशी’ तर मुळीच नको: तळलेले वेफर्स, चिवडा बंद, भगर, दाण्याची आमटी, थोडं ताक, असं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. सैंधव चालतं म्हणून हात सैल सोडू नका, तेही मीठच. आणि द्वादशीला उपवास सोडायच्या आधी वजन करायला विसरू नका.